नंदी नसलेल्या देवाचा सोमवार

आमच्या आईच्या आवाजाबद्दल मी आता जे सांगणार आहे त्यातलं निम्मं खरं आहे आणि उरलेलं निम्मं त्याहून खरं. गंगेवर, म्हणजे बाहेरचे लोक जिला गोदावरी म्हणतात तिच्या काठावर, फुलांची पाटी मांडून ती "झेंडूऽऽ, शेवंतीऽऽ, या ताईऽऽ" अशी हाक टाकायची. तेव्हा पलीकडच्या देवळांवरची कबुतरं एकदम उडायची आणि घाबरून भलत्याच देवाच्या कळसावर उतरायची. एकदा सिन्नरच्या बसमध्ये बसलेली एक बाई ही हाक ऐकून खाली उतरली, कारण घरच्या सत्यनारायणाला फुलं घ्यायची राहिली होती हे तिला आठवलं. बसस्टँड तिथून किती लांब, हे नाशिककरांनी मनातल्या मनात मोजावं आणि गप्प बसावं.

आमचा मळा मखमलाबादच्या बाजूला. झेंडू, शेवंती, थंडीत थोडी मेथी. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. माती आणि पाणी हे त्यांचं खातं, विकणं आणि भांडणं हे आईचं. दादा दिवसभरात "हूं" आणि "बरं" एवढंच बोलायचे. बाकीचे सगळे शब्द त्यांनी लग्नातच आईच्या नावावर करून दिले असावेत.

अशा बाईच्या पोटी मी जन्माला आले आणि पाच वर्षांची होईपर्यंत एक शब्द बोलले नाही.

आज हे कुणाला पटत नाही. लग्न, साखरपुडा, सोसायटीचा गणपती, कुठंही माईक दिसला की तो माझ्या हातात येतो, आणि माझ्या निवेदनामुळं पंगतीतला भात थंड होतो अशी लोकांची जुनी तक्रार आहे. पण नव्वदच्या आसपास मी आमच्या मळ्यातली सगळ्यात शांत वस्तू होते. विहीरसुद्धा माझ्यापेक्षा जास्त बोलायची.

आत्या, दादांची धाकटी बहीण, आमच्या शेजारीच राहायची. तिला यात काही वाईट दिसेना. "बरंय की वहिनी. न बोलणारी सून कुणाला नको? दारात रांग लागंल."

"रांग लावायला माझी पोर काय रॉकेलचं दुकान हाय?" आई म्हणाली. "बाईमाणसाला देवानं एकच हत्यार दिलं, आन् माझ्या पोरीचं तेवढंबी म्यानात?"

आणि आईनं उपाय सुरू केले. आमच्याकडे सगळ्यांना माहीत असलेला उपाय म्हणजे पोपटाचा उष्टा पेरू. पोपटानं चोच मारलेला पेरू उशिरा बोलणाऱ्या मुलाला दिला की ते पोपटासारखं बोलतं. आता पोपट पेरू खातो, पण मागितला की खात नाही. आई बांधावरच्या पेरूखाली तासन् तास बसायची. पोपट चोच मारायचा, आणि तो दुसरी चोच मारायच्या आत ही लुगडं खोचून झाडावर. आमच्या भागातले पोपट त्या वर्षी वाळले. काही तर म्हणे दिंडोरीकडं द्राक्षांवर निघून गेले, आणि तिथल्या बागायतदारांचे शाप आम्हाला लागले.

पेरू मी खाल्ले. गोड, तुरट, किडके, सगळे. आणि एक दिवस बोललेसुद्धा. आईकडे बघून म्हणाले, "प... प... प... पेरू न... न... नको."

आई आनंदानं अशी ओरडली की दादांनी विहिरीत कुणी पडलं म्हणून दोर आणला. पण आत्यानं कपाळाला आठी घातली. "वहिनी, पोपटानं पेरू अर्धाच खाल्लेला असंल. म्हणून शब्दबी अर्धाच येतोय."

तर असं झालं. बोलायला लागले ती अडखळतच. शब्द ओठांपर्यंत यायचा आणि पाहुण्यांना बघून दाराआड लपणाऱ्या पोरासारखा उभा राहायचा. शाळेत हजेरीला "हजर" म्हणेपर्यंत बाई पुढच्या दोघींची नावं घेऊन मोकळ्या व्हायच्या.

मग आईनं मोठा उपाय काढला. पंचवटीतल्या कपालेश्वराच्या महादेवापुढं नंदी नाही. का नाही, त्याची गोष्ट नाशकातलं पोर न् पोर सांगतं: इथं नंदी देवाचा गुरू झाला, म्हणून तो पुढ्यात बसत नाही. पण आईला त्यात व्यवहाराची अडचण दिसली. दुसरीकडं आपलं गाऱ्हाणं नंदीच्या कानात सांगता येतं, तो पुढं पोचवतो. इथं कान कुणाचा धरायचा?

"मध्यस्थच नाय," ती आत्याला सांगत होती. "मग बोलून काय उपयोग? मी गप्प बसूनच कळवीन."

म्हणजे तिनं मुका सोमवार धरला. सकाळी उठल्यापासून रात्री जेवेपर्यंत अवाक्षर नाही. आणि नवस असा: पोरगी चार लोकांसमोर न अडखळता बोलली की सोमवार सोडीन. तोवर माझी सोमवारची वाचा तुझ्याकडं, तिला लागेल तशी दे.

सोमवारी तिचं तोंड बंद म्हणजे गंगेवरची कबुतरं सुट्टीवर. आणि नेमकी सोमवारीच महादेवामुळं बेल आणि पांढऱ्या फुलांना गर्दी. आई हातवाऱ्यांवर विकायची. बोटं, भुवया, मान, बांगड्या सगळं कामाला लावायची. कमी भावात मागणाऱ्याकडं ती अशी बघायची की माणूस आपण होऊन भाव वाढवायचा. शेजारी बसणारी गुलाबवाली मावशी म्हणायची, "अगं, तू गप्प असतीस तवाच जास्त भांडतीस."

एकदा बाहेरगावचा एक भला माणूस हळहळला, "बिचारी मुकी आहे," आणि घासाघीस न करता दोन हार घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी परतताना तोच गडी गंगेवर आला आणि आईची मंगळवारची हाक त्याच्या कानावर पडली. तो तिथंच हात जोडून उभा राहिला. "काल मुकी होती हो! एका रात्रीत देवानं वाचा दिली!" त्यानं नारळ फोडला. आईनं त्याला खरं सांगितलं नाही. खोबरं मात्र वाटून खाल्लं.

हे असं हसण्यावारी वर्षानुवर्षं चाललं. आम्हाला वाटायचं, आईला सोमवार काही जड जात नाही. मग तो फोन आला.

आईचं माहेर नामपूरकडचं, तिकडं अहिराणी बोलतात. घरात फोन तिथंही नव्हता आणि इथंही नव्हता. आमच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात निरोप यायचा. त्या सोमवारी दुकानदार धावत आला, "ताईचे वडील लाइनवर आहेत." आजोबा बरेच दिवस आजारी होते. आई चिखलाच्या पायांनी पळत गेली, मी मागून. तिनं फोन कानाला लावला आणि ओठ मिटून उभी राहिली. पलीकडून आजोबांचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"कशी शे बेटा? ... बोलत का नही?"

आईनं हातातल्या बांगड्या फोनवर वाजवल्या. एकदा, दोनदा.

"हां, हां. सोमवार शे ना आज, म्हनीसन," आजोबा म्हणाले आणि हसले. मग ते एकटेच बोलत राहिले. कांदा निघाला, म्हैस व्याली, पोरगी कशी आहे. ते थांबले की आई बांगड्या वाजवायची. माझ्याकडं फोन दिला तेव्हा मला "आजोबा" एवढाही शब्द वेळेत काढता आला नाही. मंगळवार उजाडायच्या आत आजोबा गेले.

आई रडली ती मंगळवारी नाही, बुधवारी नाही. त्या शनिवारी नामपूरहून परत आल्यावर चुलीपुढं बसून म्हणाली, "ऐकलं ना मी. समदं ऐकलं. बोलायचं तेवढं राहिलं."

त्या दिवशी मी ठरवलं की या बाईचा सोमवार मी सोडवणार. पण सोडवायचा कसा? नवसाची अट मीच होते. मी नीट बोलल्याशिवाय ती बोलणार नव्हती, आणि ती बोलत नाही या रागानं मी आणखीच अडखळायला लागले होते.

तेवढ्यात कॉलेजात काव्यवाचनाची स्पर्धा लागली. मी बारावीला होते. विषय: अंधश्रद्धा. मला रागाचं भरपूर भांडवल होतं, त्यामुळं कविता एका बैठकीत झाली. सुरुवात अशी:

मांजर आडवं गेलं म्हणून थांबता कशाला?
त्यालाही काम असेल, विचारा की त्याला!

लिंबू-मिरची दाराला टांगून काय मिळणार?
आमटीत ती घातली तर घरदार जेवणार!

असं करत करत पाल, शिंक, विधवा बाई, तीन तिघाडा सगळ्यांचा समाचार घेऊन शेवट:

माझी आई सोमवारी तोंड उघडत नाही,
त्यानं काही कुणाची जीभ सुटत नाही!

डाव साधा होता. चार काय, चारशे लोकांसमोर बोलायचं आणि नवस फेडून टाकायचा. त्यातली गंमत माझ्याही लक्षात आली होती: अंधश्रद्धेविरुद्धची कविता मी न अडखळता म्हटली तर आईचा नवस खरा ठरणार, आणि अडखळले तर नवस चालू राहणार. कसंही झालं तरी महादेव जिंकणार. मी म्हटलं, जिंकू दे, आई सुटली म्हणजे झालं.

सराव मी झेंडूच्या सऱ्यांमधून केला. माणसं नसली की माझी जीभ बरी चालायची, आणि झेंडू कधी हसत नाही. पलीकडच्या सरीत फुलं तोडणाऱ्या आईला माझ्याआधी कविता पाठ झाली. शेवटच्या दोन ओळी ऐकून ती काही बोलली नाही, कारण तो सोमवार होता. मंगळवारी उजाडताच म्हणाली, "सुटत नाय कशी? आईच्या चुका काढण्याइतकी सुटली की!"

"म... म... मग सोड ना सोमवार."

"ते तुझ्या म्हणण्यावर नाय, तुझ्या जिभेवर हाय."

स्पर्धा नेमकी सोमवारी आली. प्रमुख पाहुण्यांसाठी हार आमच्याकडूनच घेतले होते, त्यामुळं आई पाटी घेऊन आली आणि शेवटच्या रांगेत दाराजवळ बसली. येताना खरोखर एक मांजर आडवं गेलं होतं. ती सात पावलं मागं आली, थांबली, थुंकली, आणि मग पुढं निघाली. मी कपाळाला हात लावला.

माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले. समोर इतकी माणसं होती की कुंभमेळा त्या वर्षी आमच्या कॉलेजात भरला असावा. मी तोंड उघडलं.

"म..."

पुढं काही नाही.

"म... म... म..."

थंडीतली स्कूटर किक मारमारून चालू होत नाही, तसं. पहिल्या रांगेतले परीक्षक चष्मा पुसायला लागले. मागून एक पोरगा हळूच ओरडला, "म्याँव!" सभागृह फुटलं. मला मंचावरून उतरायची वाट दिसेना, कारण डोळ्यांत पाणी होतं. एवढंच दिसलं की शेवटच्या रांगेत आई उभी राहिली आहे. तोंडावर पदर दाबून उभी. मग तिनं पदर काढला.

"मांजर आडवं गेलं म्हणूऽऽन थांबता कशालाऽऽऽ!"

गंगेवरची हाक. जशीच्या तशी, झेंडूच्या चालीत. छताचे पंखे उलटे फिरले म्हणतात. परीक्षकांचा चष्मा पडला, हे मात्र मी स्वतः पाहिलं. सगळं सभागृह माना वळवून मागं बघायला लागलं, आणि त्या एका क्षणात माझ्याकडं कुणीही बघत नव्हतं.

माझ्या तोंडून दुसरी ओळ बाहेर आली. "त्यालाही काम असेऽऽल, विचारा की त्यालाऽऽ!"

त्याच चालीत. लहानपणापासून कानात बसलेल्या चालीत. आणि चाल धरली तशी जीभ तिच्यामागून निघाली, पाटी घेऊन निघालेल्या आईमागं मी निघायचे तशी. लिंबू-मिरची, पाल, शिंक, सगळं मी झेंडू विकावा तसं विकलं. लोक टाळ्यांचा ठेका धरायला लागले. शेवटच्या दोन ओळींवर आले आणि लक्षात आलं, यातली पहिली ओळच आता खोटी झालेली आहे. मागं आई उभी होती, आणि आपण काय करून बसलो या भीतीनं तिचा चेहरा पांढरा पडला होता. लिहिलेली ओळ माझ्याच्यानं म्हणवेना. जी आली ती म्हटली:

माझी आई सोमवारी तोंड उघडत नाही,
उघडलं तर माझ्याविना कारण सापडत नाही.

बक्षीस मिळालं ते उत्तेजनार्थ, स्टीलचा डबा. एका परीक्षकांनी विचारलं, "ही चाल कुठली म्हणायची?" मी म्हटलं, "झ... झ... झेंडूची."

घरी आल्यावर मला वाटलं, सुटलो. पण आईनं दुसऱ्या दिवशी हिशेब मांडला तो वेगळाच. "आधी मी बोलले, मग तू बोललीस. म्हणजे नवस फिटायच्या आधीच मोडला. आन् तू चालीत बोललीस. चाल म्हणजे गाणं, बोलणं नव्हं. खाली उतरून 'झेंडू' म्हणताना अडखळलीसच." तिनं पदराला डोळे पुसले. "आता पुन्यांदा पहिल्यापासून. येत्या सोमवारपासून."

मी तिला कविता ऐकवली, विज्ञान ऐकवलं, दादांना मधे घातलं. दादा म्हणाले, "हूं." काही उपयोग झाला नाही. नवसातून बाहेर काढायला नवसाच्या आतूनच वाट लागते, हे मला रविवारी सकाळी झेंडू तोडताना सुचलं. आई, दादा, आत्या आणि मी चार सऱ्यांत होतो.

"आई, काल रात्री नंदी आला होता," मी म्हटलं.

"कुठला नंदी?"

"कपालेश्वराचा. जो तिथं नाही, तोच. नसतो तर कुठं असतो? असाच फिरत असतो. विहिरीजवळ उभा होता. शिंगं आपल्या घराच्या कौलांपेक्षा उंच."

आईनं हात थांबवला नाही, पण कान थांबवला. "मंग?"

"मग म्हणाला, तुझ्या आईचा निरोप देवाकडं इतकी वर्षं पोचलाच नाही. ती गप्प बसून कळवत होती आणि तिथं मी नाही, तर ऐकणार कोण? गेल्या सोमवारी ती ओरडली ते मात्र कैलासावर नीट ऐकू गेलं. देव ध्यानातून दचकून उठला. म्हणाला, ही बाई कोण? जाऊन सांग तिला, पावलो, पण पुन्हा एवढ्यानं ओरडू नको."

"मराठी बोलला का नंदी?"

"आधी संस्कृत बोलला. मला कळेना म्हटल्यावर मराठीत आला. मधे मधे तुझ्या माहेरचं बोलत होता."

"झेंडू खाल्ला का त्यानं?"

"नुसता वास घेतला."

"मग देवाचाच. आपला बैल मुळासकट खातो." आत्या पलीकडच्या सरीत खो खो हसायला लागली. पण आई प्रश्न विचारतच राहिली. कोणत्या बाजूनं आला, गळ्यात घुंगरू होते का, जाताना पाणी प्यायला का. आणि मी सांगत राहिले. नंदीनं विहिरीचं पाणी चाखून ते गोड आहे असं दादांना कळवायला सांगितलं. दादा कधी नव्हे ते "बरं, बरं" दोनदा म्हणाले. सूर्य चांगला वर आला तरी माझा नंदी काही जायला तयार नव्हता.

शेवटी आई सरळ उभी राहिली. कमरेवर टोपली, नाकावर घाम. माझ्याकडं अशी बघत होती जशी ती फसवणाऱ्या गिऱ्हाइकाकडं बघते, फक्त डोळे भरलेले.

"किती येळ बोलतीस गं बये?"

"का?"

"येवढं लांबलचक खोटं बोललीस. एकदा तरी अडखळलीस?"

मी तोंड मिटलं. जीभ दातांवरून फिरवून पाहिली, जणू ती दुसऱ्या कुणाची होती. खरंच नव्हते अडखळले. चाल नव्हती, पाठांतर नव्हतं, नुसतं बोलणं होतं.

"पण नवसात चार लोक आहेत," मीच म्हटलं, कारण मला विश्वास बसत नव्हता. "चार लोक कुठं आहेत?"

आईनं बोटं मोजली. "मी. तुझे दादा. तुझी आत्या." मग विहिरीकडं हात केला. "आन् तो नंदी. झाले चार."

त्यानंतर मी कधीच अडखळले नाही असं मी कार्यक्रमांत सांगते. ते थोडं वाढवलेलं आहे. अजूनही थकले की 'म' दाराआड उभा राहतो. मग मी झेंडूची चाल धरते, किंवा सरळ एखादी थाप मारायला लागते. दोन्ही तिनं दिलेलं आहे. लोकांना आईकडून दागिने येतात, मला हाक आली, आणि जी थाप मारून मी तिला सोडवलं ती थापसुद्धा तिनंच प्रश्न विचारून विचारून माझ्याकडून पुरी करून घेतली.

त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी सोमवार. मी कॉलेज बुडवून तिच्यासोबत गंगेवर गेले. मला वाटलं, आज कबुतरांची खैर नाही. पण आईनं पाटी मांडली आणि गुलाबवाली मावशीला म्हणाली, "जरा बघशील का गं? आलेच."

मावशीच्या हातातला गुलाब पडला. "अगं, तू बोललीस? आज सोमवार ना?"

आई तोवर पलीकडच्या एसटीडीच्या टपरीत शिरली होती. मी मागून गेले. तिनं नामपूरच्या दुकानाचा नंबर फिरवायला सांगितला आणि मामाला बोलावून घेतलं. मामा धावत आला असणार, कारण पलीकडून धापा ऐकू येत होत्या. काय झालं, कोण आजारी आहे, तो विचारत होता.

आईनं फोन दोन्ही हातांनी धरला. बांगड्या वाजल्या, पण आपोआप.

"काही नही रे भाऊ," ती म्हणाली. "आज सोमवार शे, म्हनीसन."